प्रायोजक घ्या, पण क्लबचा रंग विकू नका
जुन्या नाशकातल्या किंवा सिडकोतल्या क्लबला प्रायोजक मिळाला, की पहिली मागणी जर्सीच्या रंगाची येते. म्हणून सहीआधी सभासदांची सभा घ्या. क्लबच्या घटनेतच लिहा: नाव, रंग, बोधचिन्ह बदलायला तीन-चतुर्थांश मतं हवीत. प्रायोजकाचं नाव छातीच्या मधोमध छापा. डावीकडची बोधचिन्हाची जागा कुणालाच देऊ नका. करार एका वर्षाचाच करा. निम्मी रक्कम हंगामाआधी घ्या, नाहीतर किट उधारीवर येतं आणि मग प्रायोजक म्हणेल तसं वागावं लागतं. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबच्या मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली. चाहते एवढे दुखावले, की २०१५ मध्ये निळा परत आला. जर्मनीत बहुतेक फुटबॉल क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहतात.