मोफत कायदेशीर सल्ला आणि एलजीबीटीआयक्यू अशील : केंद्रात बसणाऱ्यांनी या चुका टाळा

नाशिकमध्ये मोफत सल्ला द्यायला बसणारे वकील आणि विधी स्वयंसेवक बहुतेक चांगल्या मनाचे असतात. तरीही समलिंगी किंवा तृतीयपंथी अशील एकदा येतो आणि पुन्हा फिरकत नाही. बिघाड बऱ्याचदा वकिलापर्यंत पोचण्याआधीच झालेला असतो, टेबलावर, फॉर्मवर नाहीतर फोनवर.

सगळ्यांसमोर विचारपूस

सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या न्यायालयाच्या आवारात कोण कुणाचा गाववाला निघेल, नेम नाही. सिन्नरहून आलेल्या मुलाला बाकावर शेजारी मामाचा मित्र भेटू शकतो. म्हणून टेबलावर "घरगुती काम आहे" एवढं उत्तर पुरेसं धरा, बाकीचं दाराआड बोला. हाक कोणत्या नावाने मारायची तेही विचारून घ्या. आधारवरचं नाव वकालतनाम्यात लागेल, ते मोठ्याने पुकारायची गरज नाही. आणि अरे-तुरे नको. वय, कपडे, टाळी काहीही असो, "तुम्ही".

घरी फोन, घरी पत्र

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. केंद्राचं पाकीट सातपूरच्या घरी जातं, वडील ते फोडतात, आणि जे मुलाने दहा वर्षं लपवलं ते संध्याकाळच्या जेवणाआधी सगळ्या चाळीत होतं. पहिल्याच भेटीत चार गोष्टी लिहून घ्या: कोणता नंबर, कोणत्या वेळी, निरोप ठेवायचा का, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं. पत्र शक्यतो हातात द्या. व्हॉट्सअॅपवर मजकूर न लिहिता "फोन करा" एवढंच पाठवा, कारण कुलूप लावलेल्या स्क्रीनवरही पहिली ओळ दिसू शकते.

"उत्पन्नाचा दाखला घेऊन या"

घरातून हाकललेल्या माणसाकडे रेशनकार्ड नसतं, मग तहसीलमधून दाखला कुठून आणणार? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १३ नुसार उत्पन्नाबाबत स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. स्त्रीला तर कलम १२ प्रमाणे उत्पन्नाची अटच नाही, त्यामुळे घरच्यांनी कोंडलेल्या मुलीकडे दाखला मागणं निव्वळ खोळंबा आहे. तृतीयपंथी ओळखपत्राचंही तेच. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि तो भरायला मदत जरूर करा, पण ते हातात नाही म्हणून सल्ला थांबवू नका.

आई-वडिलांना बोलावून समेट

आपल्याकडे घरगुती वाद म्हटला की दोन्ही बाजू समोरासमोर बसवायची सवय. नवरा-बायकोच्या भांडणात ते ठीक असेल. इथे मुलगी ज्यांच्यापासून पळाली त्यांनाच तिचा पत्ता मिळतो. देवू जी. नायर प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांनी डांबलेल्या किंवा पोलीस संरक्षण मागणाऱ्या व्यक्तींबाबत न्यायालयांना स्पष्ट सूचना दिल्या: व्यक्तीशी खासगीत बोला, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा लैंगिक कल बदलायला जाऊ नका, घरी जायचं नसेल तर लगेच मोकळं करा. न्यायालयाला जे वर्ज्य, ते केंद्राने तरी का करावं?

मुलीच्या घरच्यांनी "हरवली" म्हणून तक्रार दिली असेल, तर ती सज्ञान आहे आणि स्वखुशीने राहते, असा लेखी अर्ज वयाच्या पुराव्यासह पोलीस ठाण्यात द्या. वकिलाने सोबत जावं. मुलीला घरात मारहाण होत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आई-वडील आणि भावाविरुद्धही वापरता येतो. तो फक्त सासरसाठी आहे, हा गैरसमज वकिलांमध्येही सापडतो.

जुनी कलमं, अर्धवट उत्तरं

डेटिंग अॅपवरून भेटायला बोलावून व्हिडिओ काढायचा आणि "३७७ लावतो" (जुन्या भारतीय दंड संहितेतलं समलिंगी संबंधांविरुद्धचं कलम) म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार होतात. सज्ञानांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत, आणि १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. गुन्हा पैसे मागणाऱ्याचा आहे, संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा. उलट, पुरुषावर बळजबरी झाली तर संहितेत बलात्काराचं कलम त्याला लागू होत नाही. म्हणून "काही करता येणार नाही" सांगून वाटेला लावू नका. मारहाण, डांबणं, धमकी यांची कलमं आहेत. पीडित तृतीयपंथी असेल तर तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १८ आहे.

समलिंगी लग्नाला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला मान्यता नाकारली, आणि बरेच वकील तिथेच फाइल मिटतात. जोडप्याला हवं असतं ते साधं असतं. मृत्युपत्र करता येतं. संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली जोडीदाराला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक उपचारांबाबत आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती, नेमता येतं. जबरदस्तीने "उपचार" करायला नेण्याची भीती असेल तर हा कागद आधीच करून ठेवायला सांगा.

फाइल पुढे देताना

प्रकरण तालुक्याच्या वकिलाकडे जाणार असेल, तर आधी त्या वकिलाशी नाव न घेता बोला. "असल्या केसेस" असा सूर ऐकू आला की दुसरा वकील मागा. मग अशिलाला विचारा, नव्या वकिलाला काय सांगायचं आणि काय नाही. फाइलच्या बाहेर फक्त क्रमांक लिहा.