शुगरच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

लालबागला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून रोज त्याच चुका बघतोय, आता कंटाळा आला, म्हणून लिहून टाकतो.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे उपास कडक धरायचा आणि गोळी मात्र नेमाने घ्यायची. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी, पण ग्लिमेपिराइड पोटात काही असो नसो इन्सुलिन सोडायला लावतेच. आमच्या चाळीतले एक काका अंगारकीला कोरा चहा आणि गोळी घेऊन सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे. थोड्या वेळाने दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मुलावर उगाच खेकसायला लागले. मुलगा म्हणे ऊन लागलं असेल, पाणी पाजलं, पाण्याने काय होणार! मग कुणीतरी पेढा दिला, पण काकांच्या गोळीत वोग्लिबोस पण होतं आणि ते असलं की साधी साखर पचायलाच उशीर लागतो. शेवटी टॅक्सीत घालून हॉस्पिटल, शुगर 48, सलाइनमधून ग्लुकोज, आणि रात्रभर ठेवून घेतलं कारण या गोळीचा असर लांबतो, वर आलेली शुगर परत खाली घसरू शकते. काका म्हणतात, "डॉक्टर बोललेत गोळी चुकवायची नाही." अहो, ते जेवण धरून बोलले होते!

म्हणून अशी गोळी घ्यायला कोणी आलं की मी विचारतोच, उपास करता का? हो म्हणाले तर चतुर्थीच्या आधीच डॉक्टरांना फोन करायला लावतो. आणि बॅगेत ग्लुकोज पावडर पाहिजेच, लोकल मध्येच अडकली आणि जेवण लांबलं तरी कामाला येते. शुगर 70 च्या खाली गेली की साधारण तीन चमचे पाण्यातून, 15 मिनिटांनी परत मोजा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल.

दुसरी मंडळी घाईवाली. मेटफॉर्मिनने पोट बिघडलं की चार दिवसांत बंद, आणि शेजारणीने सांगितला म्हणून कारल्याचा रस चालू. अरे, गोळी जेवणासोबत घ्या, थोडे दिवस द्या, बहुतेकांचं पोट सरावतं, नाहीच जमलं तर डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी देतात. पण एसआर कुटून घ्यायची नाही, एकदम सगळं औषध सुटतं. आणि संडासात गोळीचं कवच दिसलं म्हणून "डुप्लिकेट दिलीत" असं भांडायला येऊ नका, औषध आत गेलेलं असतं, नुसतं टरफल बाहेर येतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-12 तपासून घ्या, मुंग्या येतात त्या दरवेळी शुगरच्याच नसतात.

डापाग्लिफ्लोझिनवाल्यांनो (लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी), उलट्या-जुलाब चालू असताना ती तशीच रेटू नका, डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवलं की गेलं, परत वापरू नका.

सिरिंजचं तर विचारूच नका. लाल टोपीची 40 च्या (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) इन्सुलिनला, केशरी टोपीची 100 च्या. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये तेवढ्याच खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट होतो. "कुठलीही द्या, घाईत आहे" म्हणणाऱ्याला मी सिरिंज देत नाही, आधी बाटलीचा फोटो दाखवा म्हणतो, मग भले शिव्या द्या.