गटाने श्वासाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण श्वासाच्या अभ्यासाला बसतो. निवृत्त शिक्षिका आहेत, कारखान्यात पाळी करणारी मुलं आहेत, भजनी मंडळातले दोन आजोबा आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा यजमानांना जाऊन चार महिने झाले होते आणि दिवेलागणीला घर खायला उठायचं. आता गट सांभाळायचं काम माझ्याकडे आलंय. आमच्या हातून झालेल्या आणि इतर ठिकाणी पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे. त्यातल्या बहुतेक सहज टाळता येतात, आणि एकदा माणूस घाबरून किंवा ओशाळून उठला की सहसा परत येत नाही.

दीर्घ म्हणजे मोठा नव्हे

"दीर्घ श्वास घ्या" म्हटल्यावर समोरच्या माणसांकडे बघा. खांदे वर जातात, मानेच्या शिरा ताणतात, छाती फुगते, नाकातून फुस्स आवाज येतो. शाळेत शिकलेलं ऱ्हस्व-दीर्घ आठवा. दीर्घ म्हणजे ज्याला वेळ जास्त लागतो ते. हवा खूप नकोय, ती सावकाश यायला-जायला हवी आहे. मी आता "दीर्घ" हा शब्दच वापरत नाही. "हळू घ्या, त्याहून हळू सोडा" एवढंच म्हणते. शेजाऱ्याला तुमचा श्वास ऐकू जात असेल तर तो अजून मोठा आहे.

हाताला मुंग्या आल्या तरी रेटत राहणं

ही सगळ्यात घातक चूक. किनारपट्टीवर हल्ली श्वासाच्या कार्यशाळा ठिकठिकाणी होतात. अशाच एकीला मी आमच्या गटातल्या एका मुलीबरोबर गेले होते. मोठ्या आवाजात संगीत, सगळे आडवे झोपलेले, आणि तोंडाने भराभर जोरात श्वास. वीसेक मिनिटांत त्या पोरीचे ओठ बधिर झाले. मग तिचे हात मनगटात वाकले, अंगठा तळव्याकडे ओढला गेला आणि बाकीची बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, चिमूट धरावी तशी. ती सोडवता सोडवेना. तिला वाटलं, अर्धांगवायूच झाला. शिकवणारे मात्र म्हणत होते, "ऊर्जा मोकळी होतेय, थांबू नका."

त्यात ऊर्जेचा काही संबंध नव्हता. शरीराच्या गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो. त्यामुळे रक्ताची आम्लता घटते, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा-स्नायू चाळवले जाऊन मुंग्या येतात, बोटं आखडतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं, सगळं दूर दूर वाटतं. हे होतंय असं दिसताच थांबायचं. माणसाला उठवून बसवायचं, तोंड मिटून नाकाने हळू, लहान श्वास घ्यायला सांगायचं, आणि आपण शेजारी बसून तसाच श्वास घेत राहायचं. थोड्या वेळात बोटं सुटतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी युक्ती करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ती जिवावर बेतू शकते. छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

जलद श्वासाच्या पद्धती मुळातच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. १९७० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ स्टॅनिस्लाव्ह ग्रोफ आणि त्यांची पत्नी क्रिस्टिना यांनी भराभर श्वासाची होलोट्रॉपिक पद्धत बसवली, तिच्यात श्वास घेणाऱ्या प्रत्येकाजवळ एक सोबती बसलेला असतो. तीस माणसांना अंधारात झोपवून एकाने माइकवर सूचना देणं ही ती पद्धत नव्हे. आपल्याकडची कपालभाती आणि भस्त्रिकाही गरोदर बायका, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेले, फीट येणारे, हर्निया असलेले आणि पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेले यांच्यासाठी नाही. नव्या माणसाला हे आधी बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारलंत तर कोणी सांगत नाही.

मोजणाऱ्याने आपल्या छातीच्या मापाने मोजणं

आराम करत असताना मोठं माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतं. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर असं केलं की ते मिनिटाला ६ वर येतात. मीही सुरुवातीला तसंच मोजायचे. गटात दम्याच्या एक काकी होत्या. दोन गुरुवार त्या मध्येच गुपचूप श्वास चोरायच्या, मग यायच्याच बंद झाल्या. बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझं सहा होईपर्यंत माझा जीव जातो गो. सगळ्यांत मीच मागे पडते."

त्या दिवसापासून आमच्याकडे गटाची मात्रा सगळ्यात तोकड्या श्वासाच्या माणसावर ठरते. काकींना तीन मोजत आत, चार मोजत बाहेर जमतं, म्हणून सगळ्यांना तेच. घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ लागला की काम होतं. मनगटावर बोट ठेवून बघा, श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. यामुळे लांब श्वासाच्या माणसांचं काही बिघडलं नाही. उलट, कारखान्यातला एक मुलगा मला म्हणाला की जिममध्ये आणि कामावर सगळीकडे पुढच्याला गाठायचं असतं, इथे पहिल्यांदाच कोणासाठी तरी हळू झालो. गटाने बसण्याचा अर्थ मला खरा तिथे कळला.

मोजणं सुटावं म्हणून पुढे आम्ही भ्रामरी धरली, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं. गुंजारव करताना श्वास आपोआप लांबतो आणि ज्याचा त्याने आपल्या दमाप्रमाणे संपवला तरी आवाज तुटत नाही, कारण शेजारच्याचा चालू असतो. भजनी आजोबा ऐकून हसले. म्हणाले, अभंगाच्या ओळीला आम्ही हेच करतो, एकाचा श्वास संपला की दुसरा उचलतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं ते याच भरवशावर. २०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती मोजली, तर ती सगळ्यांची बरोबरच चढत-उतरत होती, कारण ओळ गाताना सगळे एकदम श्वास सोडत होते आणि ओळ संपली की एकदम घेत होते. तेव्हा तुमच्या गावात भजन, आरती, फुगडीची गाणी काहीही असेल, तर सुरुवात तिथून करा. लोकांना काही नवीन शिकतोय असं वाटत नाही आणि अंग लगेच सैल पडतं.

धूप, ओल आणि उंडो

संध्याकाळी धूप घालायची आपली सवय, वर डासांची कॉइल. श्वासाच्या खोलीत दोन्ही नकोत. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, चटया कुबट होतात, त्या उन्हात घाला नाहीतर खुर्च्या मांडा. दमेकऱ्याचा पंप पिशवीत नको, हाताशी हवा. आणि चारच्या चहाला उंडो (आमच्याकडचा गोल पाव) आणि भाजी पोटभर खाल्ली असेल तर त्या दिवशी नुसतं बसा, पोट दाबणारं काही करू नका.

डोळे मिटायची सक्ती

ज्यांनी अपघात, मारहाण किंवा घरात अचानक मरण पाहिलंय, त्यांना डोळे मिटून श्वासाकडे बघताना भीती दाटून येऊ शकते. डोळे उघडे ठेवून समईकडे बघा, पाय जमिनीला टेकवा, एवढी मोकळीक आधीच द्या. आणि या अभ्यासाच्या भरवशावर कोणाच्याही गोळ्या बंद करायला लावू नका. मन फारच खचलं असेल तर बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो. तो आम्ही अग्रशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलाय.

संपल्या संपल्या "कसं वाटलं?"

हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, पण त्याला "छान" सोडून दुसरं उत्तर देता येत नाही. रडू आलेल्या माणसाला तर तो कानकोंडा करतो. रडणाऱ्याची पाठ थोपटायलाही धावू नका. पाण्याचा तांब्या जवळ सरकवा आणि बसून राहा.

आमच्यात डिचोलीकडचे एक काका येतात. त्यांचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ट्रक गेले, कर्ज राहिलं. तीन महिने ते यायचे, खांबाला टेकून बसायचे, एक शब्द न बोलता जायचे. "त्यांना बोलतं करा," असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. मी केलं नाही. एका गुरुवारी चहाचा कप हातात असताना ते आपणहून म्हणाले, "बँकेचं पत्र आलंय. उघडलं नाही." त्या दिवशी कोणीही उपदेश केला नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी फक्त विचारलं, "उद्या दहाला मी येऊ बरोबर?" आणि त्या गेल्या. म्हणून सांगते, चहाची ती पंधरा मिनिटं कापू नका. झटकन उठल्याने काहींना चक्कर येते हे एक कारण आहेच, पण लोक जे बोलतात ते सहसा तेव्हाच बोलतात.

न आलेल्याला फक्त मेसेज टाकणं

व्हॉट्सॲपवर "तब्येत सांभाळा" आणि हात जोडलेलं चित्र टाकलं की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं. दोन गुरुवार कोणी दिसलं नाही तर घरी जा. आणि "का आला नाहीत?" असं विचारू नका, कारण मग त्या माणसाला सबब शोधावी लागते.

गेल्या श्रावणात आमच्या एक बाई गुडघ्यामुळे पायऱ्या उतरेनात. आम्ही चौघी भर पावसात त्यांच्याकडे गेलो. आत नव्हत्या, सोप्यावरच बसून होत्या, पदर डोळ्यांना लावून. आम्हीही ओल्या छत्र्या कठड्याला लावून शेजारी बसलो आणि दहा वेळा भ्रामरी केली. पावसाच्या आवाजात आमचं आम्हालाच ऐकू येत नव्हतं. मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा, कोकमाचं सरबत करते."