पेपर मिलमध्ये वीज-वाफ वाचवायचीय? मग या चुका टाळा

पेपर मिलमध्ये सगळ्यात जास्त वाफ खातो ड्रायर, म्हणजे वाफेनं तापवलेल्या सिलिंडरांवर कागद वाळवणारा भाग, आणि त्याच्यापाशी अख्खी शिफ्ट उभा असतो ऑपरेटर, पण वाफ कुठं वाया जायलीय हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात. पहिली आणि सगळ्यात महागाची चूक हीच.

साधी गोष्ट बघा, ऑपरेटर म्हणतो "अमका सिलिंडर गार पडायलाय", तर उपाय काय, वाफेचं प्रेशर वाढवा! अरे पण आधी स्टीम ट्रॅप (पाणी बाहेर सोडून वाफ आत अडवणारा व्हॉल्व्ह) बघा ना. ट्रॅप बंद अवस्थेत अडकला की सिलिंडरमध्ये कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, साचतं अन् कागद वाळत नाही, उघडा अडकला तर ताजी वाफ सरळ निघून जाते. तो बदलायला फिटरला फार वेळ लागत नाही, फक्त त्याला मशीन थांबलेलं असताना कुणीतरी सांगायला पाहिजे.

दुसरं म्हणजे फेल्ट, प्रेसच्या रोलमध्ये कागद दाबताना पाणी शोषणारं जाड कापड. खर्च वाचवायचा म्हणून जुना फेल्ट ताणत बसतात, अन् इकडं प्रेसमधून कागद ओला निघतो. प्रेसनंतरचा कोरडेपणा 1 टक्का वाढला तर ड्रायरची वाफ साधारण 4 टक्के कमी लागते, म्हणजे फेल्टवर वाचवलेले पैसे बॉयलरमध्ये जळतात. कागद ओला यायलाय हे लॅबच्या आधी मशीनवरच्या माणसाला कळतं.

कंडेन्सेट गटारात सोडणं तर आपल्या मराठवाड्यात बिलकुल परवडत नाही. 2016 च्या दुष्काळात कंपन्यांच्या पाण्यात कपात झाली होती, आठवत असंल. गरम पाणी परत बॉयलरला गेलं तर पाणीही वाचतं अन् फीड वॉटरचं तापमान दर 6 अंशांनी वाढलं की इंधन जवळपास 1 टक्का कमी लागतं.

आता सूचना पेटी. ती 14 डिसेंबरला, ऊर्जा संवर्धन दिनाला उघडायची, फोटो काढायचा अन् परत कुलूप, असं असंल तर दुसऱ्या वर्षी कुणी चिठ्ठी टाकत नाही. आठवड्याच्या आत उत्तर द्या, नाही जमणार असं असलं तरी कारणासकट सांगा. आणि आयडिया लावायच्या आधी अन् नंतर टनामागं वाफ किती, विजेचे युनिट किती हे लॉगबुकात लिहा, नुसतं "फरक पडला" म्हणून मालक पैसे काढत नाही. तुलना करताना जीएसएम (चौरस मीटरमागं कागदाचं ग्रॅममधलं वजन) एकच धरा, नाहीतर जाड कागद काढणाऱ्या शिफ्टवर उगाच खापर फुटतं.

ऑपरेटर म्हणाला पंपाचा व्हॉल्व्ह कायम अर्धा दाबून ठेवावा लागतो, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिथं व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण) बसतो का बघा, कारण पंपाचा स्पीड 20 टक्के कमी झाला तर पॉवर जवळजवळ निम्मी लागते.

आणि बक्षीस फक्त कायम कामगाराला नको. पल्परवर (लगदा करणाऱ्या यंत्रावर) रद्दी टाकणारी, बगॅस (उसाचं चिपाड) ओढणारी पोरं बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर असतात, बगॅस ओला आलाय हे सगळ्यात आधी त्यांच्याच हाताला कळतं, त्यांचं नावही बोर्डावर लावा.