बीओएम तपासताना आधी वजन, मग भाव

भोसरीतल्या एका प्रेस शॉपचं कॉस्टिंग मी बघते. बीओएम, म्हणजे एका नगाला कुठला माल किती लागतो त्याची यादी, तपासायला घेतला की भावाचा रकाना शेवटी उघडते. पत्र्याच्या भावावर किलोमागे रुपयासाठी घासाघीस होते, पण एका नगाला पत्रा किती लागतो हा आकडा कुणीतरी ड्रॉइंगवरून उतरवलेला असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो.

2 मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या, 2500 × 1250 मिमी. घनता 7.85 ग्रॅम प्रति घनसेंमी धरली की शीटचं वजन 49.06 किलो. ब्लँक, म्हणजे एका नगासाठी कापलेला तुकडा, 180 × 120. लांबीत 180 ठेवला तर 13 × 10, म्हणजे 130 नग. फिरवला तर 20 × 6, फक्त 120. पहिल्या मांडणीत टोकाला 160 मिमीची पट्टी उरते, तिच्यात ब्लँक आडवे करून आणखी 6 निघतात. पार्टला बेंड असेल तर मात्र ग्रेनची, म्हणजे पत्रा लाटला त्या रेषांची, दिशा टूलरूमला विचारा, नाहीतर त्या सहांना बेंडवर तडे जायचे. आणि बीओएममध्ये 136 तेव्हाच लिहा, जेव्हा शिअरिंगवाला (पत्रा कापणारा) खरंच 136 कापतो. मशीनपाशी उभं राहून मोजा.

130 धरले तर नगाला 377.4 ग्रॅम पत्रा लागतो. ब्लँक भरतो 339 ग्रॅम, भोकं पडून तयार नग समजा 290. बीओएममध्ये पहिला आकडा हवा. पत्रा 70 रुपये किलो आणि भंगार 35 धरू: पत्र्याचे 26.42, भंगारातून परत 3.06, निव्वळ 23.36. कुणी 290 ग्रॅमवरच हिशेब केला तर 20.30 येतात. दहा हजार नगांच्या ऑर्डरवर तीस हजारांचा खड्डा! भंगाराचा दर जीएसटी सोडून घ्या, तो कर आपल्या खिशातला नसतो.

रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे नग, वेगळं. 4 टक्के असेल तर 1000 चांगल्या नगांसाठी 1000 भागिले 0.96, म्हणजे 1042 घ्या, 1040 नव्हे. इथे फरक किरकोळ वाटतो, पण 20 टक्क्यांना 1200 च्या जागी 1250 लागतात. हीच टक्केवारी सुट्या भागाच्या ओळीवर आणि वरच्या असेंब्लीवरही टाकलेली सापडते, मग खर्च दोनदा चढतो. नग कुठल्या टप्प्यावर मरतो तेही विचारा. प्लेटिंगनंतर फेकलेला ब्रॅकेट वेल्डनट, मजुरी आणि प्लेटिंग सगळं घेऊन जातो, त्याची किंमत पत्र्याच्या भावाने लावू नका. सेटिंग पीस, म्हणजे मशीन जुळवताना वाया जाणारे नग, प्रत्येक लॉटला ठरावीक जातात, ते टक्केवारीत कोंबू नका. छोट्या लॉटला ती टक्केवारी कमी पडते.

आता भाव. शेवटचं बिल एकटं बघू नका, तीन-चार बिलं आणि गाडीभाडं बघा. एकक जुळतंय का पाहा: नट किलोने येतात, स्टोअरमधून नगाने निघतात.

मग महिनाअखेरची बेरीज. बीओएमप्रमाणे मशीनवर गेलेला पत्रा, वजा तयार आणि अर्धवट मालाचं वजन, एवढं भंगार निघायला हवं. आवारात पडलेलं भंगार आणि भंगारवाल्याच्या काटापावत्या यांच्याशी ते ताडून पाहा. भंगार जास्त निघालं तर बीओएममधलं वजन किंवा रिजेक्शन कमी लिहिलंय. कमी निघालं तर बीओएम बाजूला ठेवा आणि आधी काटा तपासून घ्या, मग गेटपास.