जुन्या फायरप्रोसाठी लिनक्स कर्नल बिल्ड करताय? आधी फर्मवेअरचं बघा

एएमडीच्या फायरप्रो डब्ल्यू५००० सारखं २०१२ च्या जमान्यातलं ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड वर्कस्टेशनमध्ये अजून छान चालतं, फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नीट कॉन्फिगर करायला हवा. आधी एलएसपीसीआय -एनएनके (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) मारा, कार्डाच्या ओळीत १००२ दिसलं की एएमडीचं, आणि खाली सध्या कुठला ड्रायव्हर चालू आहे तेही कळतं.

कॉन्फिग कोऱ्या पाटीवरून सुरू करू नका प्लीज. चालू कर्नलची फाइल बूट फोल्डरमधून उचला, सोर्समध्ये डॉट-कॉन्फिग नावाने ठेवा, मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवा (नवीन ऑप्शन्स आपोआप डिफॉल्टवर जातात) आणि मग मेनूतून निवडायला मेक मेनूकॉन्फिग. त्यात डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग ग्राफिक्स सपोर्ट, तिथे एएमडी जीपीयू. हे कार्ड सदर्न आयलंड्स पिढीतलं म्हणून त्याच्या खालचा एसआय सपोर्टही ऑन करायचा, तो राहिला तर एएमडीजीपीयू ड्रायव्हर ह्या कार्डाला हातच लावत नाही.

आता मेन गोष्ट. ड्रायव्हरपुढे स्टार टाकायचा (कर्नलमध्येच बिल्ट-इन) की एम (वेगळं मॉड्युल, नंतर लोड होणारं)? मी पहिल्यांदा स्टार टाकला, वाटलं कर्नलमध्येच बसला की बूट फास्ट होईल, आणि झालं काय तर दोन-चार ओळी आल्या आणि स्क्रीन तिथेच गोठली. जुन्या कर्नलमधून बूट करून लॉग काढला तर त्यात पिटकेर्नची (हे ह्या कार्डातल्या चिपचं नाव) फर्मवेअर फाइल, म्हणजे ड्रायव्हर चिपमध्ये भरतो तो छोटा प्रोग्राम, फेल्ड, एरर -२, म्हणजे फाइल सापडलीच नाही. पण फाइल तर डिस्कवर होती! कारण असं की बिल्ट-इन ड्रायव्हर एवढ्या लवकर उठतो की तेव्हा रूट फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवरचं मुख्य फोल्डर, माउंटच झालेली नसते, मग लिब-फर्मवेअर फोल्डर त्याला दिसणार कुठून. म्हणून सरळ एम टाका. स्टारच हवा असेल तर पिटकेर्नच्या सगळ्या बिन फाइल्सची नावं एक्स्ट्रा फर्मवेअरच्या ऑप्शनमध्ये लिहावी लागतात. आणि फोल्डरमधल्या फाइल्सच्या शेवटी झेडएसटी असेल तर फर्मवेअर लोडरचा झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन सपोर्टही लागतो, नाहीतर एम टाकूनही तोच एरर.

पुढे नेहमीचंच, मेक, मॉड्युल्स इन्स्टॉल, मेक इन्स्टॉल. ग्रबच्या (कर्नल बूट करणारा प्रोग्राम) कर्नल-ऑप्शन्सच्या ओळीत रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० आणि एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१ हे दोन्ही घाला म्हणजे जुना रेडिऑन आणि एएमडीजीपीयू हे दोन ड्रायव्हर एकाच कार्डावरून भांडणार नाहीत, मग ग्रब अपडेट करा. रीबूट झाल्यावर परत एलएसपीसीआय बघा, आणि तिथे एएमडीजीपीयू दिसेपर्यंत जुना कर्नल अजिबात काढू नका.