बुधाच्या ४३ विकला

डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता दोन वर्षं मी कृष्णविवरं आणि स्ट्रिंग थिअरीचे व्हिडिओ पाहिले. सगळं समजतंय असं वाटायचं. मी अडकलो तो इथेच.

मग 'माझी' कल्पना सुचली. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. पण घातांक नेमका २ च कशावरून? किंचित जास्त असेल तर? दोनशे पानी वही भरली, पण त्यात एकही आकडा नव्हता. एका निवृत्त प्राध्यापकांना ती दाखवली. त्यांनी चाळून विचारलं, "बुधाच्या ४३ विकला निघतात का यातून?"

बुधाची कक्षा स्वतःच हळूहळू वळत जाते. इतर ग्रहांची ओढ हिशेबात घेतली तरी शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) उरतात. हे मला माहीत होतं, व्हिडिओत पाहिलेलं. पण ते आपण काढून बघायचं असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. वर्तुळाकार कक्षेला हलका धक्का दिला आणि गणित मांडलं. घातांक २ अधिक डेल्टा (म्हणजे तो किंचित जास्तीचा भाग) असेल तर दर फेरीला कक्षा जवळपास π (पाय) गुणिले डेल्टा रेडियन सरकते; रेडियन हे कोन मोजायचं एकक. शतकात बुधाच्या ४१५ फेऱ्या होतात. डेल्टा आला ०.००००००१६. एवढ्याला तीन आठवडे आणि अख्खी दिवाळी गेली.

नंतर कळलं, हाच आकडा असाफ हॉल या खगोलशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच मांडला होता. आणि तो टिकलाही नाही. तोच डेल्टा चंद्राला लावा: त्याची कक्षा शतकाला आणखी सुमारे १४० विकला सरकायला हवी, तशी ती सरकत नाही. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये त्या ४३ विकला सामान्य सापेक्षतेतून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्याच्या नव्या सिद्धांतातून, काढल्या.

खूप लागलं मनाला. पण तुमचंही असं झालं तर खचू नका. जुनी कल्पना पुन्हा सुचणं ही चांगली खूण आहे. आकडा न काढता ती कवटाळून बसलात तर मात्र वर्षं वाया जातील, माझी गेली.

'गणित नंतर बघू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. 'आधी सगळं शिकून ये, मग विचार' म्हणणाऱ्याचंही नको. तुमच्या पानावरची चूक पेन्सिलीने गोल करून देणारं एक माणूस मिळालं की पुरे. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) 'चाय अँड व्हाय' हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम मुंबईत पृथ्वी थिएटरला होतो, तिथे निःसंकोच प्रश्न विचारा.

सध्या श्वार्त्सचाइल्डच्या मेट्रिकपासून (आइन्स्टाइनच्या सिद्धांतात सूर्यासारख्या गोलाभोवतीचं अवकाश-काळ मांडणारं सूत्र) त्याच ४३ विकला काढतोय. चौथ्यांदा चिन्ह चुकलंय. रविवारी पुन्हा बसणार आहे.